शाळेच्या गेटसमोर लावलेल्या गाड्या, एखादं पोर गेल्यावरच जागे होणार का आपण?

खांडेपारकाठ
आमचं घर शाळेच्या अगदी समोर, गोव्यातल्या फोंडा तालुक्यात. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही कारण शाळेला नावं ठेवायची नाहीयेत, शाळा चांगलीच आहे. प्रश्न दुपारच्या त्या वीस मिनिटांचा आहे. शाळा सुटायच्या आधीच दोन्ही अंगांना चारचाक्या उभ्या राहतात, वळणावर सुद्धा, झेब्रा क्रॉसिंगवर सुद्धा, मधे दुचाक्या घुसतात आणि उरलेल्या पट्टीतून बालरथ म्हणजे शाळेची बस, कदंबची सरकारी बस आणि पहिलीची पोरं सगळ्यांनी एकदम जायचं.

गेल्या सोमवारी धो धो पाऊस होता. एक चिमुरडी, दप्तरावरून रेनकोट घातलेला त्यामुळे पाठीला कुबड आल्यासारखी दिसत होती, तिच्या हातातली बाटली सुटली आणि घरंगळत एका पांढऱ्या गाडीच्या मागच्या चाकापाशी गेली. पोर वाकली उचलायला आणि तेवढ्यात गाडीचा रिव्हर्सचा दिवा लागला. मी बाल्कनीतून जीव तोडून ओरडले पण पावसात कोणाला ऐकू जाणार. बालरथाचा ड्रायव्हर धावला आणि त्याने डिकीवर धाडकन हात मारला म्हणून गाडी थांबली. बाटली चेपली, पोर वाचली. त्या गाडीवाल्या बापाचे हातपाय थरथरत होते, तो वाईट माणूस नाही, त्याला ती दिसलीच नाही, वाकलेलं पोर मागच्या काचेतून दिसतच नाही. ती बाटली मी आमच्या गडग्यावर ठेवलीय, अजून कोणी न्यायला आलं नाही.

माझं म्हणणं एवढंच, गेटच्या दोन्ही बाजूंना ५० मीटर एकही गाडी नको. देवळाच्या पटांगणात लावा आणि चालत या, चार मिनिटांची वाट आहे.

दोन मुलांची आई
ताई, वाचून अंगावर काटा आला, पण आमची बाजू पण ऐका. मी कुंडईला इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये कामाला आहे, जेवणाच्या सुट्टीत धावत येते, पोरांना घरी सासूबाईंकडे सोडते आणि परत पळते, त्यात चार मिनिटं जायला आणि चार यायला कुठून आणू? बालरथात घाला म्हणाल तर तो आमच्या वाड्यावर येत नाही, हमरस्त्याला सोडतो, तिथून पुढे दीड किलोमीटर दोन्ही बाजूंना काजूची झाडं, सहा वर्षाच्या पोरीला एकटी पाठवू? आम्हाला गेटसमोर गाडी लावायची हौस नाहीये.

माशेलकर ७२
सरळ विचारतो, तिथे नो पार्किंगचा बोर्ड आहे का? नाही ना? मग लोकांना दोष का देताय. रस्ता सरकारी आहे, ज्याला जागा मिळेल तो लावणार. आणि शाळा तिथे कधीपासून आहे हे घर बांधताना माहीत नव्हतं का?

निवृत्त मास्तर
माशेलकरसाहेब, बोर्ड नसला तरी तिथे गाडी लावलेली चालत नाही. २०१७ च्या मोटार वाहन ड्रायव्हिंग रेग्युलेशनमध्ये शाळेच्या आणि हॉस्पिटलच्या प्रवेशद्वाराजवळ, वळणावर, क्रॉसिंगजवळ, फुटपाथवर गाडी लावायला मनाई आहे, आणि १९८९ च्या जुन्या नियमांतही शाळेच्या दाराजवळ मनाई होतीच. शिवाय १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम १२२ आहे, दुसऱ्याला धोका होईल अशी गाडी उभी करायची नाही, आणि १२७ खाली ती उचलून नेता येते. बोर्ड मात्र हवाच, पण पंचायतीने आपल्या मनाने खांब रोवून भागत नाही, जिल्हाधिकाऱ्यांची अधिसूचना लागते. ग्रामसभेत ठराव घ्या आणि वाहतूक पोलिसांनाही एक प्रत द्या.

पस्तीस वर्षं शिकवलं मी. दारात उभं राहून पोरं मोजायचो. तेव्हा सायकली होत्या, आता गाड्यांच्या मधून फक्त छत्र्या दिसतात, छत्रीखाली कोण आहे ते कळत नाही.

कोपऱ्यावरचं दुकान
आमचा कोणी विचार करणार का? ५० मीटर बंद केलं तर माझं दुकान त्यात येतं. वह्या, पेनं, भजी, सगळं त्या अर्ध्या तासावर चालतं. शाळेच्या वेळेपुरतंच बंद ठेवा, दिवसभर नको. आणि खरं सांगायचं तर रहिवासी पण आपापल्या घरासमोर कुंड्या नि चिरे ठेवून जागा अडवतात, मग गाड्या रस्त्याच्या मध्यावर येतात.

खांडेपारकाठ
दुकानदार भाऊंचं पटलं, सकाळी अर्धा तास आणि दुपारी अर्धा तास पुरे. चिऱ्यांचं पण बरोबर आहे, आमच्या दारात दोन आहेत, उद्या उचलते. घराबद्दल म्हणाल तर सासऱ्यांच्या वेळचं आहे, तेव्हा वाड्यावर एकच गाडी होती. आणि माशेलकर, माझ्या दाराची तक्रारच नाहीये, मागच्या चतुर्थीच्या आदल्या दिवशी शेजारच्या आजोबांना न्यायला आलेली १०८ रुग्णवाहिका ह्याच गर्दीत अडकली होती, स्ट्रेचर चालत आणावं लागलं.

बालरथवाला
मी दुसऱ्या शाळेचा बालरथ चालवतो, सगळीकडे हेच. बस वळवायला जागा नसली की रिव्हर्स घ्यावी लागते आणि मागे पोरं असतात, क्लीनर उतरून शिट्टी मारतो तेव्हा कुठे मागे घेतो, छातीत धडधडतं हो. आमच्या शाळेत हेडमास्तरांनी एक केलं, बालरथ आवारात भरून बाहेर पडला की मगच बाकीच्या पोरांसाठी गेट उघडतात. दहा मिनिटांचा फरक, पण पोरं बसच्या चाकापाशी येत नाहीत. खर्च शून्य.

दोन मुलांची आई
हे चांगलंय, पुढच्या पीटीएला मांडते. पण ताई, तुमच्या त्या चार मिनिटांच्या वाटेवर पावसात तुम्ही पोराचा हात धरून चाललायत का कधी? फुटपाथ नाही, गटारावरच्या लाद्या तीन ठिकाणी फुटल्यात, पाणी भरलं की खड्डा कुठला नि रस्ता कुठला कळत नाही, मग पोरं मधोमध चालतात आणि मागून टिप्पर येतो. गेटसमोरचा धोका उचलून देवळाकडे नेऊन ठेवायचा का? आधी लाद्या घाला.

खांडेपारकाठ
मी एकटीच चालते त्या वाटेने, पोराचा हात धरून चालून बरीच वर्षं झाली. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. ग्रामसभेच्या अर्जात साबांखाकडे (सार्वजनिक बांधकाम खात्याकडे) लाद्यांची मागणी पहिली लिहिते, पार्किंग त्याखाली. तुम्ही सही कराल?

माशेलकर ७२
लाद्या होणार असतील तर माझी पण सही घ्या. बोर्डाचं ठाऊक नव्हतं.

दोन मुलांची आई
करते. लाद्या झाल्या की माझी गाडी देवळाकडे, साहेबांकडून दहा मिनिटं जास्त मागून घेईन. तोवर पावसाच्या दिवशी मी गेटजवळच येणार, खोटं कशाला बोलू, पण वळणावर नाही आणि झेब्रावर नाही, इंजिन बंद, आणि दोन्ही पोरं आत बसून दार लागल्याशिवाय चावी फिरवणार नाही. आणि त्या बाटलीचं झाकण निळं असेल तर टाकू नका, धाकटीच्या वर्गातली एक मुलगी सोमवारपासून शोधतेय.