एकाच जोडीत डांबरी रस्ता आणि कच्ची वाट: कोणते रायडिंग बूट घ्यावेत?

घाटवेडी (प्रश्न)

नमस्कार. मी पुण्यात राहते आणि रॉयल एनफिल्डची हिमालयन ४५० चालवते. आठवडाभर कोथरूड ते हिंजवडी असा शहरातला प्रवास असतो, तर सुट्टीच्या दिवशी ताम्हिणी किंवा वरंध घाटाने कोकणात उतरणे किंवा एखाद्या किल्ल्याच्या पायथ्यापर्यंतची कच्ची वाट धरणे होते. येत्या सप्टेंबरात मनालीहून ग्राम्फू, बातल आणि कुंझुम खिंडीच्या मार्गाने स्पीतीला जाण्याचा बेत आहे. आजवर घोट्यापर्यंत येणाऱ्या ट्रेकिंगच्या बुटांवर भागवले, पण आता खास मोटरसायकलसाठी बनवलेले बूट घ्यायचे आहेत.

दुकानात टूरिंग (डांबरी रस्त्यावरच्या लांब प्रवासासाठी), ॲडव्हेंचर (डांबरी आणि कच्च्या अशा दोन्ही रस्त्यांसाठी) आणि एन्ड्युरो (खडतर कच्च्या वाटांसाठी) असे तीन प्रकार दाखवले गेले. टूरिंगचे बूट पायाला हलके वाटले. एन्ड्युरोचे इतके ताठ होते की दुकानातल्या दुकानात चालणेही जड गेले. माझी उंची पाच फूट तीन इंच असल्यामुळे सीटवर बसून पाय जमिनीला नीट टेकणे हाही माझ्यासाठी महत्त्वाचा भाग आहे. पंधरा-सोळा हजार रुपयांपर्यंत खर्च करण्याची तयारी आहे. एकाच जोडीत हे सगळे बसवायचे झाल्यास तडजोड कुठे करावी आणि कुठे अजिबात करू नये?

कृष्णाकाठ

तुमच्या वापरासाठी ॲडव्हेंचर प्रकारातले बूट योग्य ठरतील असे माझे मत आहे. परंतु या नावाखाली विकले जाणारे सगळेच बूट सारखे नसतात. काही बूट दिसायला दणकट असूनही प्रत्यक्षात ट्रेकिंगच्या बुटांपेक्षा फारसे वेगळे नसतात.

ट्रेकिंगचा बूट चालण्यासाठी घडवलेला असतो, म्हणून तो चवड्याशी सहज वाकतो आणि खडबडीत जमिनीप्रमाणे थोडा पिळलाही जातो. मोटरसायकल पडते तेव्हा याच दोन गोष्टी पायाच्या मुळावर येतात, कारण गाडीखाली सापडलेले पाऊल दोन्ही बाजूंनी चेपले जाते किंवा घोट्यातून पिळवटते. म्हणून दुकानात दोन परीक्षा जरूर करून पाहा. बुटाची टाच एका हातात आणि चवडा दुसऱ्या हातात धरून ओल्या कपड्यासारखा पिळून पाहा; सहज पिळला गेला तर तो बाजूला ठेवा. मग तळवा सर्वांत रुंद असतो तिथे दोन्ही बाजूंनी जोराने दाबा. तळव्यात पुरेसा ताठ आधार नसेल तर सोल मध्येच दुमडल्यासारखा होतो. हाच आधार पेगवर, म्हणजे पाय ठेवायच्या दांड्यांवर, उभे राहून गाडी चालवताना तळपायाची कमान दुखू देत नाही, आणि बातलच्या बाजूला तुम्हाला बराच वेळ उभ्यानेच चालवावे लागणार आहे.

तिसरी गोष्ट म्हणजे आतील लेबल. युरोपीय मानक ईएन १३६३४ नुसार तपासलेल्या बुटावर मोटरसायकलस्वाराचे चिन्ह आणि त्याखाली चार आकडे असतात. प्रत्येक आकडा १ किंवा २ असतो आणि २ ही वरची पातळी असते. पहिला आकडा बुटाच्या उंचीचा, दुसरा घर्षणाला तोंड देण्याचा, तिसरा धारेच्या आघाताने न कापले जाण्याचा आणि चौथा आडव्या दाबाखाली न चेपण्याचा. शहरात आणि डांबरी रस्त्यावरच चालवणाऱ्याला मी दुसऱ्या आकड्याकडे आधी पाहायला सांगेन. तुम्ही मात्र चौथ्यावर तडजोड करू नका. घोट्याच्या संरक्षणाची वेगळी तपासणी झाली असेल तर आयपीए आणि नडगीच्या संरक्षणाची झाली असेल तर आयपीएस ही अक्षरे सोबत असतात. घोट्याचे कवच आतल्या आणि बाहेरच्या अशा दोन्ही हाडांवर आहे ना, हे बोटांनी चाचपून पाहा, कारण स्वस्त बुटांत ते अनेकदा एकाच बाजूला असते.

लाल माती

मी नवशिक्या चालकांना कच्च्या वाटेवर मोटरसायकल चालवायला शिकवतो, त्यामुळे एन्ड्युरो बुटांची बाजू मांडणे मला आवश्यक वाटते. गाडी चाकोरीत डगमगली की माणूस नकळत पाय खाली टेकवतो. गाडी पुढे जात राहते, पाऊल मातीत किंवा दगडाशी अडकते आणि सगळा पीळ घोट्यावर आणि गुडघ्यावर येतो. अशा वेळी पायाला वाचवते ती बिजागरीची रचना असलेल्या ताठ बुटाची चौकट, जी घोट्याला पुढे-मागे हलू देते पण बाजूला वळू देत नाही. नडगीवरच्या प्लेटचे मोलही दगड उडणाऱ्या वाटेवरच कळते. हे सगळे ॲडव्हेंचर बुटात मिळते, पण कमी प्रमाणात.

तरीही तुमच्या बाबतीत मी कृष्णाकाठ यांच्याशीच सहमत आहे. हिमालयन ४५० ची सीट नेहमीच्या स्थितीत ८२५ मिलिमीटर उंच आहे आणि तुमच्या उंचीला जमिनीवर बहुधा चवडाच टेकत असेल. ताठ बुटात घोटा खाली वाकत नाही, म्हणून सोल जाड असूनही पाय जमिनीपर्यंत कमी पोहोचतो आणि उतारावर थांबताना तोल जाण्याची शक्यता वाढते. शिवाय जाड बुटातून मागच्या ब्रेकच्या पेडलची जाणीव कमी होते. घाट उतरताना पाय नकळत पेडलवर रेललेला राहिला तर ब्रेक तापत जातो, आणि हे चालकाच्या फार उशिरा लक्षात येते. पुढे कधी फक्त कच्च्या वाटांसाठी हलकी गाडी घेतलीत, तर मात्र एन्ड्युरो बुटांना पर्याय शोधू नका.

जांभ्याची वाट

मी रत्नागिरी जिल्ह्यात राहतो, म्हणून पाण्याविषयी लिहितो. जलरोधक अस्तराचा बूट पावसाच्या सरीत पाय उत्तम कोरडा ठेवतो, पण स्पीतीच्या वाटेवर ओढे ओलांडताना पाणी वरूनच आत आले तर तेच अस्तर ते आत धरून ठेवते आणि बूट रात्रभरात वाळत नाही. त्या भागातले ओढे बर्फ वितळू लागल्यामुळे दुपारनंतर फुगतात, तेव्हा ते सकाळी लवकर ओलांडणे हा बुटापेक्षाही मोठा उपाय आहे. रेनपँट नेहमी बुटाच्या वरून घ्या, आत खोचू नका. भिजलेल्या बुटात वर्तमानपत्राचे बोळे भरून ते दर थोड्या वेळाने बदला. चुलीजवळ किंवा हीटरसमोर ठेवल्यास चामडे कडक होऊन तडकते आणि सोलचा गोंदही सुटू शकतो.

सवलतीत मिळणाऱ्या जुन्या साठ्याबद्दल विशेष सावध राहा. पुष्कळ बुटांच्या सोलमध्ये पॉलियुरेथेनचा फोम असतो आणि दमट हवेत तो न वापरताही हळूहळू विघटित होतो. बाहेरून नवाकोरा दिसणारा बूट मग काही दिवसांतच तळातून भुगा होऊन सुटतो. उत्पादनाचा महिना आणि वर्ष पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका.

घाटवेडी

तिघांचेही मनापासून आभार. आता ॲडव्हेंचर बूट नक्की केले. माप कसे ठरवावे? युरोपीय ३८ आणि ३९ यांच्यामध्ये माझे पाऊल अडकते.

कृष्णाकाठ

संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, प्रवासात वापरणार आहात तेच मोजे घालून दोन्ही पावलांची लांबी सेंटिमीटरमध्ये मोजा आणि मोठ्या पावलाचे माप त्या कंपनीच्या तक्त्याशी ताडून पाहा, कारण एकच क्रमांक दोन कंपन्यांत वेगवेगळा बसतो. अनेक इटालियन बुटांचे साचे चवड्याशी अरुंद असतात. करंगळी दाबली जात असेल तर तो क्रमांक नाकारा. टाच मात्र उचलली जाता कामा नये. पोटरीचा घेर रायडिंग पँट घालूनच तपासा, कारण बकल शेवटच्या खाचेवर जेमतेम लागत असेल तर थंडीत दुहेरी मोजे घातल्यावर ते लागणारच नाही. नाडीचे बूट निवडलेत तर नाडी झाकणारी पट्टी हवीच, नाहीतर तिचा फास पेडलमध्ये अडकतो. बूट घेतल्यावर मेकॅनिककडून गिअरची लिव्हर थोडी वर घ्या, म्हणजे जाड चवडा तिच्याखाली सहज जाईल, आणि मग सप्टेंबरची वाट न पाहता रोजच्या हिंजवडीच्या प्रवासात ते वापरायला लागा.