मदत हवी आहे: विषाणू प्रयोगशाळेत काम केलेलं कोणी आहे का?

नमस्कार मंडळी. आम्ही बडोद्याचे, दांडिया बाजारात राहतो. भाची मायक्रोबायोलॉजीत एम.एस्सी. करतेय, तिला विद्यापीठाच्या विषाणू प्रयोगशाळेत पीएच.डी. करायची आहे. पुण्याची १९५२ सालची राष्ट्रीय विषाणू संस्था सगळ्यांना ठाऊक असते, विद्यापीठातल्या लहान गटांबद्दल मात्र कोणी सांगत नाही. गाईड, पोस्टडॉक (पीएच.डी. झालेले संशोधक), टेक्निशियन यांपैकी नवख्या मुलीला हाताला धरून शिकवतं कोण? पेशी सुट्टी पाळत नाहीत, मग रविवारी व्हेरो पेशींचं (विषाणू वाढवायला लॅबमध्ये जपतात त्या माकडाच्या पेशी) पोषक माध्यम बदलायला पाळ्या लावतात का? उणे ८० अंशांचा फ्रीझर रात्री बंद पडला तर फोन कोणाला जातो? चांगली लॅब यावरूनच ओळखावी, असं मला वाटतं. बहिणीला धास्ती संसर्गाची आहे, तेव्हा बायोसेफ्टी कॅबिनेटवर (जंतू बाहेर पडू न देणारं, गाळलेल्या हवेचं कामाचं कपाट) एकटीनं बसवण्याआधी किती शिकवतात, तेही कृपया लिहा.