सेव्हिल: समुद्रापासून इतके आत असूनही महाबंदर कसे झाले?

प्रश्न (गलबत): स्पेनमधील सेव्हिल हे शहर समुद्रापासून सुमारे ८० किलोमीटर आत, ग्वादालकिविर नदीकाठी आहे. असे असताना अमेरिकेशी होणाऱ्या व्यापाराची मक्तेदारी १५०३ मध्ये कादिझसारख्या समुद्रावरच्या बंदराला न मिळता सेव्हिलला का मिळाली आणि पुढे ती का गेली? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

प्रतिसाद (नदीकाठ): समुद्रापासूनचे हे अंतर हीच सेव्हिलची जमेची बाजू होती. अमेरिकेतून येणाऱ्या सोन्याचांदीतील आपला हिस्सा राजसत्तेला चोख वसूल करायचा होता आणि एकाच नदीतून ये-जा करणाऱ्या जहाजांवर नजर ठेवणे सोपे होते. शिवाय शत्रूच्या आरमाराला इतके आत शिरणे अवघड असे. उघड्यावरचे कादिझ मात्र १५९६ मध्ये इंग्रजांनी लुटून जाळले. अर्थात, नदी ताब्यात असेपर्यंतच ही सुरक्षितता टिके. ११७१ मध्ये शहरावर सत्ता असलेल्या मुवाहिद या मुस्लिम राजवटीने होड्या एकमेकींना जोडून शहर आणि पलीकडचे त्रियाना यांमध्ये पूल बांधला होता. कास्तील या ख्रिस्ती राज्याचा राजा तिसरा फर्नांदो याने वेढा घातला असता त्याच्या जहाजांनी मे १२४८ मध्ये तो पूल तोडला, रसद थांबली आणि नोव्हेंबरमध्ये शहर शरण आले. तरीही होड्यांचाच पूल पुढे १८५२ पर्यंत वापरात राहिला, कारण भुसभुशीत पात्रात दगडी खांब उभे करणे कठीण होते. मला या शहराच्या इतिहासात हा पूल सर्वांत विलक्षण वाटतो.

प्रतिसाद (जुनी पाने): वरील विवेचन पटले. ऱ्हासाविषयी मात्र मी १६४९ च्या प्लेगला अग्रक्रम देईन. त्या एका वर्षात शहराची जवळजवळ निम्मी वस्ती दगावली. कारागीर आणि खलाशी गेल्यावर व्यापार पूर्ववत होणे शक्यच नव्हते.

प्रतिसाद (नदीकाठ): प्लेगचा आघात भयंकर होता, हे मान्य आहे. परंतु केवळ माणसे मेली म्हणून व्यापार कादिझला गेला नसता. जहाजे मोठी होत गेली, पात्रात गाळ साचत गेला आणि सानलुकारजवळ नदीच्या मुखाशी असलेला वाळूचा दांडा ओलांडताना जहाजे अडकू लागली. १६८० पासून ताफे कादिझहून निघू लागले आणि १७१७ मध्ये व्यापाराचे नियंत्रण करणारी कचेरीही तिकडे हलवण्यात आली.

प्रतिसाद (गलबत): आपणा दोघांचे मनःपूर्वक आभार. त्या व्यापाराची कागदपत्रे आज कोठे आहेत?

प्रतिसाद (जुनी पाने): सेव्हिलमध्येच. पूर्वी व्यापारी कॅथेड्रलच्या पायऱ्यांवर सौदे करीत, त्यावर धर्मगुरूंनी तक्रार केल्यामुळे शेजारीच त्यांच्यासाठी एक भव्य इमारत उभारण्यात आली. व्यापार ओसरल्यावर, १७८५ मध्ये, स्पेनचा राजा तिसरा कार्लोस याने त्याच इमारतीत इंडीजचे, म्हणजे अमेरिकेतील व इतर समुद्रापारच्या स्पॅनिश वसाहतींचे, दफ्तरखाने एकत्र केले.