स्वतःच्याच मेथड स्टब करून हिरवी झालेली टेस्ट खरी मानायची का?

धागाकर्ता:
गेल्या महिन्यात आमच्याकडे मोठा घोळ झाला. रिफंडची रक्कम काढणारी मेथड (एक काम करणारा कोडचा तुकडा) आधी रुपयांत उत्तर द्यायची. पेमेंट गेटवेला (पैशांचे व्यवहार करणाऱ्या बाहेरच्या सेवेला) पैशांत रक्कम लागते म्हणून सहकाऱ्याने ती पैशांत केली, तिच्या टेस्टही बदलल्या. पण ग्राहकाला जाणाऱ्या एसएमएसच्या टेस्टमध्ये तीच मेथड स्टब केलेली होती, म्हणजे खरी न चालवता तिच्या जागी ठरलेलं उत्तर देणारी बनावट बसवलेली, रिटर्न व्हॅल्यू ५००. ती टेस्ट हिरवीच, म्हणजे पास, राहिली. ५०० रुपयांच्या रिफंडला मेसेज गेला, "तुमचे ५०,००० रुपये परत केले आहेत." ग्राहकांचे फोन घेणाऱ्यांनी दोन दिवस बोलणी खाल्ली.
गेटवे स्टब करा, पण स्वतःच्या कोडमधली मेथड करू नका. खरी चालू द्या.

बॅकएंडवाला:
अजिबात पटत नाही. नाव तेच ठेवून अर्थ बदलला, चूक तिथे आहे. मेथडला नवं नाव दिलं असतं, तर जुन्या नावावर पॅच लावतानाच (खरीच्या जागी बनावट बसवतानाच) पायथॉनने अ‍ॅट्रिब्यूट एरर (असं नावच नाही, ही तक्रार) दिला असता. आर्ग्युमेंट (मेथडला द्यायची माहिती) बदलले तर ऑटोस्पेक (बनावट मेथड खरीच्या साच्यात बांधणारी सोय) पकडतो.
आणि टाइमआउट? सँडबॉक्सला (गेटवेच्या चाचणीसाठीच्या आवृत्तीला) 'आता तीस सेकंद गप्प बस' असं कसं सांगणार? स्टबच्या साइड इफेक्टमध्ये (बोलावल्यावर काय घडावं ते सांगण्याच्या जागी) एक ओळ टाकली की झालं. टाइमआउटनंतर पुन्हा प्रयत्न करताना रिफंड दोनदा जातो का, ही टेस्ट मला सगळ्यात मोलाची वाटते.

धागाकर्ता:
टाइमआउट गेटवेच्या बाजूला होतो, तिथे स्टब हवाच. ऑटोस्पेक नाव आणि आर्ग्युमेंट बघतो, परत काय येतं ते बघत नाही. ५०० आणि ५०,००० त्याला सारखेच.

टेस्टिंगवाली:
धागाकर्त्याशी सहमत. आमच्या एका टेस्टवर सात पॅच होते. ती नेमकं काय तपासते, हे लिहिणाऱ्यालाही सांगता येईना. त्याहून वाईट म्हणजे, बऱ्याच ठिकाणी 'असर्ट_कॉल्ड_वन्स' (एकदाच बोलावलं गेलं का, हे तपासणारी मेथड) ऐवजी नुसतं 'कॉल्ड_वन्स' लिहून त्यावर असर्ट ('हे खरं आहे ना' ही तपासणी) लावलेला. मॉक (स्टबसाठी वापरतात ती बनावट वस्तू) अशा नावालाही नवा मॉक देतो आणि तो कायम खरा धरला जातो, म्हणजे टेस्ट पडणारच नाही. पायथॉन ३.१२ पासून इथे एरर येतो. आवृत्ती वाढवली त्या दिवशी चौदा टेस्ट लाल झाल्या. त्यातल्या दोन ठिकाणी खरोखर दोनदा ईमेल जात होती.

बॅकएंडवाला:
ती मॉक वापरण्यातली चूक झाली. सगळं खरं चालवायचं म्हणजे डेटाबेस आला. आमच्या सूटला (सगळ्या टेस्टच्या संचाला) चाळीस मिनिटं लागायला लागली आणि लोकांनी कोड पुश करण्याआधी (सामायिक कोडमध्ये पाठवण्याआधी) टेस्ट चालवणंच सोडलं. त्यापेक्षा मला स्टब परवडतो.

धागाकर्ता:
रक्कम काढायला डेटाबेस लागतोच कशाला? काल ते गणित वेगळ्या फंक्शनमध्ये काढलं, ऑर्डरच्या ओळी बाहेरून दिल्या. तीन पॅच गेले. मग एसएमएसची दुरुस्ती मुद्दाम मागे घेऊन टेस्ट चालवली. क्षणात लाल: अपेक्षित ५००, मिळाले ५०,०००.