मदत हवी आहे : दवाखान्यातल्या सिस्टरसाठी काय करता येईल? सोमवारच्या आत सांगा

तापीकाठ_चोपडा
वडील परवा घरी आले. दवाखान्यातल्या एका सिस्टरने त्यांच्यासाठी जे केलं ते पोटच्या पोरीनेही केलं नसतं. पेढे नेले, तर वॉर्डभर वाटून टाकले. पाकीट दिलं, तर हात जोडून परत केलं. सत्कार करायचा का? पुरस्कारासाठी नाव पाठवता येतं का, कुठे? सोमवारी तपासणीला परत जायचंय. कृपया फालतू सल्ले नकोत.

भुसावळ_आउटर
फालतू कुठला ते आधी कसं कळणार भाऊ? वडिलांना झालं काय होतं? दवाखाना सरकारी की खाजगी?

केळीवाला_रावेर
एवढा काय विचार करताय? चांगली साडी घ्या, नारळ ठेवा, दोन घड केळी. आमच्या वहिनीच्या बाळंतपणात आम्ही हेच केलं. सिस्टर खूश, आम्ही खूश.

निवृत्त_परिसेविका
केळीवाले दादा, ती खूश झाली पण तुम्ही तिला अडचणीत टाकलं असतं. सरकारी नोकर असेल तर महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ लागू होतात. भेटवस्तूवरून कोणी तक्रार केली तर खुलासा तिनेच लिहायचा.
चोपडेकर, दवाखाना नक्की कोणता? प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय की उपजिल्हा?

तापीकाठ_चोपडा
सरकारी दवाखाना हो ताई. त्याने काय फरक पडतो?

निवृत्त_परिसेविका
फार पडतो. आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेकडे असतं, वर जिल्हा आरोग्य अधिकारी. ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयं सिव्हिल सर्जनकडे. पत्र चुकीच्या टेबलावर गेलं की तिथेच धूळ खातं.

तापीकाठ_चोपडा
पाटीवर ग्रामीण रुग्णालय आहे. ३० खाटा.

स्पष्ट_बोलतो
सरकारी दवाखान्यात माणुसकी? माझ्या आत्याला एका ठिकाणी सलाईन संपून नळीत रक्त चढलं तरी कोणी फिरकलं नव्हतं. एखादी चांगली निघाली म्हणून हार घालायचे?

निवृत्त_परिसेविका
आत्याबाईंचं झालं ते वाईटच. पण रात्रपाळीला ३० खाटा मी एकटीने काढल्यात, त्यातच एक बाई कळा देत असायची. सलाईनकडे बघू की बाळाच्या डोक्याकडे?

स्पष्ट_बोलतो
मग भरती करा ना. पेशंटने का सोसायचं?

निवृत्त_परिसेविका
तेच तर आम्ही संपात ओरडून सांगत होतो. तेव्हा तुम्हीच म्हणाला असाल, यांना पगार कमी पडतो.

मु_पो_बोस्टन (मूळ अमळनेर)
इकडे अमेरिकेत यासाठी डेझी पुरस्कार असतो. १९९९ मध्ये पॅट्रिक बार्न्स नावाचा ३३ वर्षांचा माणूस आजारात गेला. नर्सनी त्याच्याशी आणि घरच्यांशी जी वागणूक ठेवली ती कुटुंबाच्या मनात राहिली, त्यातून हे सुरू झालं. पेशंट किंवा नातेवाईक घडलेला प्रसंग लिहून देतात. निवड झालेल्या नर्सला झिम्बाब्वेच्या कारागिरांनी दगडात कोरलेलं शिल्प मिळतं आणि दालचिनीचे गोड रोल वाटतात, कारण पॅट्रिकला ते आवडायचे.

भुसावळ_आउटर
दालचिनीचे रोल! आपल्याकडे वरण-बट्टी ठेवा, सगळा स्टाफ नाव पाठवेल.

केळीवाला_रावेर
किंवा भरीत-पुरी. पण हिरव्या वांग्याचंच.

पोरीचा_बाप_शहादा
धागा चालूच आहे तर विचारतो, मुलगी बारावी झाली, जीएनएमला (नर्सिंगच्या डिप्लोमाला) घालावं का? किती वर्षं लागतात?

भुसावळ_आउटर
तीन. पण दादा, वेगळा धागा काढा.

धडगाव_रोड
आमच्याकडे नव्या आलेल्या सिस्टरने दोन महिन्यांत कामापुरती पावरी, म्हणजे इथल्या पावरा लोकांची बोली, शिकून घेतली. आधी बायका कुठे दुखतं ते सांगायच्याच नाहीत, नवरा काय तर्क करेल तो करेल. आता त्या स्वतः बोलतात. चांगली सेवा म्हणजे मला तरी आधी हेच दिसतं. चोपडेकर, तुमच्या सिस्टरने नेमकं केलं काय? अजून सांगितलंच नाही तुम्ही!

तापीकाठ_चोपडा
सांगितलं ना, पोटच्या पोरीसारखं केलं. बरं, ऐका. वडिलांना कपाशीत घोणस चावली. आम्ही पायाला फडकं करकचून आवळलं, वर मंत्र टाकणाऱ्याकडे अर्धा तास घालवला. सिस्टर रागावल्या नाहीत. फडकं सोडायला गेलो तर म्हणाल्या, हात लावू नका, डॉक्टर सांगतील तेव्हा सोडू. काचेच्या नळीत रक्त घेऊन टेबलावर ठेवलं आणि घड्याळ लावून बसल्या, २० मिनिटं कोणाला टेबलाला धक्का लावू दिला नाही. रक्त गोठलंच नव्हतं, म्हणजे विष भिनलेलं. डॉक्टरांनी सापाची लस चालू केली, १० बाटल्या. मध्येच वडील थरथरायला लागले, अंगावर गांधी उठल्या. आम्हाला वाटलं, थंडी वाजतेय. सिस्टरने सलाईन बंद करून डॉक्टरांना हाक मारली, इंजेक्शन ट्रेमध्ये भरूनच ठेवलं होतं. सहा तासांनी परत तीच नळीची तपासणी. रात्रभर लघवीचं माप लिहीत होत्या. आई रडायला लागली की अहिराणीत म्हणायच्या, "घाबरू नको माय, मी आठेच शे." म्हणजे इथेच आहे.

मु_पो_बोस्टन (मूळ अमळनेर)
"आठेच शे" वाचून इथे डोळ्यांत पाणी आलं राव.

निवृत्त_परिसेविका
हे आधी लिहायला काय झालं होतं? तुमचं पत्र हेच. "फार प्रेमळ, मनमिळाऊ" असलं काही घालू नका, ते सगळ्यांबद्दल लिहितात. वैद्यकीय अधीक्षकांच्या नावाने लिहा, प्रत जिल्हा शल्य चिकित्सकांना, म्हणजे सिव्हिल सर्जनना. शेवटी "हे पत्र त्यांच्या वैयक्तिक नस्तीत ठेवावे ही विनंती." आवकमध्ये देऊन आपल्या प्रतीवर शिक्का घ्या. सिस्टर कंत्राटी असतील तर अशा कागदाची गरज जास्तच.
पुरस्काराचं म्हणाल तर केंद्र सरकारचा राष्ट्रीय फ्लॉरेन्स नाइटिंगेल पुरस्कार १९७३ पासून आहे. ते नाव संस्थेमार्फत, राज्यामार्फत वर जातं, नातेवाइकाच्या अर्जाने होत नाही. तुमचं पत्र फाइलला असेल तर वरचे लोक तिचं नाव काढताना हातात काहीतरी असेल. १२ मेला परिचारिका दिनाचा दवाखान्यात कार्यक्रम असतोच, तिथे ते वाचून दाखवा म्हणून सांगा.
आणि सोमवारी क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठीची रक्ततपासणी) तपासणार आहेत ना? घोणस मूत्रपिंडाला धरते. लघवी कमी झाली किंवा लाल दिसली तर सोमवारची वाट बघू नका.

तापीकाठ_चोपडा
तपासणार आहेत. लघवी ठीक आहे. पत्र लिहायला घेतलं, पण एक घोळ आहे. सिस्टरचं नाव माहीत नाही. आम्ही सिस्टरच म्हणायचो.

स्पष्ट_बोलतो
धन्य!

निवृत्त_परिसेविका
नसू दे. तारीख, पाळी, वॉर्ड आणि केसपेपर नंबर लिहा, ड्युटी रजिस्टरवरून नाव निघतं. पण रात्र नक्की कोणती?

तापीकाठ_चोपडा
मला बुधवार वाटत होता. आई म्हणते मंगळवार, तिचा उपास होता म्हणून पक्कं आठवतंय. सिस्टरने आपल्या डब्यातली भगर तिला दिली होती, आणि मला आज कळतंय. तेही लिहू का?

निवृत्त_परिसेविका
लिहा. पण आधी नळीचं, मग भगरीचं.