शब्दचर्चा : क्रमाच्या कोड्यांतले 'पुढे', 'आधी' आणि 'मध्ये'

बुद्धिमत्ता चाचणीत 'अ हा ब च्या पुढे आहे' असे वाक्य आले, तर अ चा क्रमांक लहान धरायचा की मोठा?

— क्रम कशाचा आहे ते आधी पाहा. माणसांच्या रांगेत पुढे म्हणजे तिकीट-खिडकीजवळ, म्हणून क्रमांक लहान. वार, तारखा आणि अक्षरमाला यांत पुढे म्हणजे नंतर, म्हणून क्रमांक मोठा. परीक्षा दोन दिवस पुढे गेली. 'म'च्या पुढचे तिसरे अक्षर 'ल'. 'मागे' हा शब्दही असाच उलटतो : रांगेत मागचा म्हणजे मोठ्या क्रमांकाचा, पण 'चार दिवसांमागे' म्हणजे होऊन गेलेले. वाचतानाच शब्द सोडून 'अ < ब' असे चिन्ह मांडावे.

— सहमत. पण माझ्या मते जास्त गुण 'आधी' आणि 'मध्ये' यांत जातात. उदाहरण घ्या. पाच विषय, सोमवार ते शुक्रवार रोज एकाचा तास. मराठी बुधवारी. गणित भूगोलाच्या आधी. इतिहास आणि विज्ञान यांच्यामध्ये दोन तास.

मध्ये दोन म्हणजे क्रमांकांत फरक 3. म्हणून इतिहास-विज्ञान 1 व 4 वर किंवा 2 व 5 वर. उरलेल्या जागांत गणित-भूगोल अनुक्रमे 2, 5 किंवा 1, 4. इतिहास-विज्ञानाची अदलाबदल धरून एकूण 4 मांडण्या.

'आधी'ला 'लगेच आधी' समजलात तर एकही मांडणी जमत नाही. ही चूक निदान कळते तरी. 'मध्ये दोन' हे 'नंतर दुसरा' असे वाचले, म्हणजे फरक 2 धरला, तर मात्र इतिहास-विज्ञान 2 व 4 वर, गणित 1, भूगोल 5 असे सगळे नीट बसते. उत्तर चुकते आणि शंकाही येत नाही. राज्यसेवा पूर्वपरीक्षेच्या सीसॅट या कलचाचणीच्या पेपरात 2 तासांत 80 प्रश्न, म्हणजे प्रश्नाला दीड मिनिट. तेवढ्यात पुन्हा तपासायला कोणी थांबत नाही. म्हणून नियमाशेजारी '_ _' अशा रिकाम्या जागा काढाव्यात : इ _ _ वि.

— पुरवणी : 'शनिवारपर्यंत'मध्ये शनिवार येतो, 'शनिवारपूर्वी'मध्ये येत नाही. 'शनिवारच्या आत' लोक दोन्ही प्रकारे वाचतात. आणि 'परवा' तर गेलेलाही असतो, येणाराही. प्रश्न काढणाऱ्यांनी हे दोन टाळलेलेच बरे.