सोप वेब सर्व्हिससाठी जावा क्लायंट : 415 ही त्रुटी का येते?

प्रश्न

नमस्कार. मी कोथरूडमधील एका लहान सॉफ्टवेअर कंपनीत काम करतो. भोसरीच्या औद्योगिक वसाहतीतील आमचा एक ग्राहक ज्या मोठ्या कंपनीला सुटे भाग पुरवतो, तिच्या सोप (एक्सएमएल संदेशांची देवाणघेवाण करण्याची ठरावीक पद्धत) सर्व्हिसवर त्याला रोजची डिलिव्हरी चलने पाठवायची आहेत. आम्हाला डब्ल्यूएसडीएलचा (सर्व्हिसचे वर्णन करणाऱ्या फाइलचा) पत्ता, युजरनेम आणि पासवर्ड एवढेच मिळाले आहे. जुन्या लेखांत सांगितल्याप्रमाणे डब्ल्यूएसइम्पोर्ट (डब्ल्यूएसडीएलवरून जावाचे क्लास बनवणारे साधन) चालवायला गेलो, तर जावा 17 मध्ये ती कमांडच सापडत नाही. म्हणून मी स्ट्रिंग जोडून एक्सएमएल तयार केला आणि एचटीटीपीयूआरएलकनेक्शन हा जावातील क्लास वापरून पाठवला. पण दरवेळी 415 येतो. हीच विनंती सोपयूआय या चाचणीच्या साधनातून मात्र व्यवस्थित जाते. चूक कोठे असावी?

उत्तर 1

सर्व्हरला मजकुराचा प्रकार मान्य नाही, असा 415 चा अर्थ आहे. त्यामुळे आधी कंटेंट-टाइप हा हेडर तपासावा. सोपची 1.1 ही आवृत्ती 2000 साली आली आणि 1.2 ला 2003 साली डब्ल्यू3सीची शिफारस म्हणून मान्यता मिळाली; दोन्ही आजही वापरात आहेत. 1.1 मध्ये प्रकार ‘टेक्स्ट/एक्सएमएल’ असतो आणि सोपॲक्शन हा वेगळा हेडर द्यावा लागतो. 1.2 मध्ये प्रकार ‘ॲप्लिकेशन/सोप+एक्सएमएल’ असतो आणि ॲक्शन द्यायची असेल तर ती त्याच ओळीत पॅरामीटर म्हणून जाते. एन्व्हलपची (संदेशाच्या बाहेरील एक्सएमएल आवरणाची) नेमस्पेसही वेगळी आहे. सर्व्हिस कोणती आवृत्ती मागते, हे डब्ल्यूएसडीएलमधील बाइंडिंग उघडून पाहिले की कळते. अंदाजाने हेडर बदलत बसू नये.

प्रश्नकर्ता

मनापासून आभार. एन्व्हलप 1.1 चे होते आणि कंटेंट-टाइप मी 1.2 चा देत होतो. तो बदलल्यावर 415 गेला, पण आता 500 येतो आणि गेटइनपुटस्ट्रीमच्या ओळीवर एक्सेप्शन पडते. आणखी एक कोडे असे, की हाच प्रोग्राम आमच्या क्लाउडवरील चाचणीच्या मशीनवर चालतो. कारखान्यातील विंडोज संगणकावर मात्र चालत नाही.

उत्तर 2

500 पाहून सर्व्हर बंद पडला असे समजू नये. सोप 1.1 मध्ये फॉल्ट (सोपचा त्रुटी-संदेश) एचटीटीपी 500 सोबतच यावा असा नियम आहे, आणि नकाराचे कारण त्या उत्तराच्या मजकुरात लिहिलेले असते. जावामध्ये तो मजकूर गेटइनपुटस्ट्रीममधून मिळत नाही, गेटएररस्ट्रीममधून वाचावा लागतो. आधी तो वाचून लॉगमध्ये लिहा.

एक्सएमएल हाताने जोडण्याला मात्र माझा स्पष्ट विरोध आहे. उद्या एखाद्या फर्मच्या नावात ‘&’ हे चिन्ह आले की आपला एक्सएमएल मोडेल. शिवाय जावा 17 विंडोजवर असताना गेटबाइट्सला एन्कोडिंग सांगितले नाही, तर ते विंडोजचे एन्कोडिंग घेते, आणि पत्त्यातील देवनागरी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे जाऊ शकतात. यूटीएफ-8 हेच डीफॉल्ट झाले ते जावा 18 पासून. डब्ल्यूएसइम्पोर्ट 2018 च्या जावा 11 मध्ये जेडीकेतून (जावाच्या विकास-साधनांच्या संचातून) काढले गेले, म्हणून ते आपल्याला सापडले नाही. त्याऐवजी अपाची सीएक्सएफचे डब्ल्यूएसडीएल2जावा वापरा; डब्ल्यूएसडीएलवरून ते सर्व क्लास तयार करून देते. सीएक्सएफ 4 जकार्ता नावाची पॅकेजेस वापरते आणि सीएक्सएफ 3 जावाएक्स नावाची, एवढे निवडताना ध्यानात असू द्यावे.

प्रश्नकर्ता

फॉल्ट वाचला. सुरक्षा हेडरमधील वेळ ग्राह्य नाही, असे त्यात म्हटले आहे. पण कारखान्यातील संगणकाचे घड्याळ मी स्वतः मोबाइलशी ताडून पाहिले, ते अचूक आहे.

उत्तर 3

घड्याळ अचूक असले तरी वेळ चुकीची लिहिली जात असावी. ‘क्रिएटेड’ या घटकात आपण लोकलडेटटाइम (संगणकाची स्थानिक वेळ) घेऊन त्याच्या शेवटी ‘Z’ हे अक्षर जोडत आहात काय? त्या अक्षराचा अर्थ यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) असा होतो. भोसरीत सकाळचे 11 वाजले असताना यूटीसीप्रमाणे 5:30 झालेले असतात. त्यामुळे आपला संदेश साडेपाच तास पुढच्या काळातून आल्यासारखा दिसतो आणि सर्व्हर तो नाकारतो. क्लाउडवरील मशीन बहुधा यूटीसीवर लावलेले असते, म्हणून तेथे ही चूक झाकली जाते. संदेश किती जुना किंवा पुढचा चालेल याची मर्यादा मुळात फार थोडी असते : जावात सर्रास वापरल्या जाणाऱ्या डब्ल्यूएसएस4जे या सुरक्षा लायब्ररीमध्ये ठरावीक मूल्ये जुन्यासाठी 300 सेकंद आणि पुढच्यासाठी 60 सेकंद अशी आहेत.

वेळ यूटीसीप्रमाणे देणाऱ्या इन्स्टंट.नाऊ ने घ्या आणि मिलिसेकंदांपर्यंत छाटा. पासवर्ड डायजेस्ट (मूळ पासवर्डऐवजी त्यावरून काढलेला सांकेतिक मजकूर) पाठवत असाल, तर तो नॉन्स (प्रत्येक संदेशासाठी नव्याने घेतलेले यादृच्छिक बाइट), क्रिएटेड आणि पासवर्ड याच क्रमाने जोडून त्यांचा एसएचए-1 काढून बेस64 करायचा असतो. क्रिएटेडची स्ट्रिंग हेडरमध्ये जाते तीच, अक्षरशः तीच, येथे वापरावी. आणि नॉन्सचे मूळ बाइट घ्यावेत, बेस64 केलेला मजकूर नव्हे. या शेवटच्या गोष्टीने माझे दोन दिवस घेतले होते, म्हणून मुद्दाम लिहिले.

प्रश्नकर्ता

कारण तेच निघाले; ‘Z’ मीच हाताने जोडले होते. इन्स्टंट वापरल्यावर भोसरीहून पाठवलेले पहिले चलन स्वीकारले गेले. आता पुढचे काम सीएक्सएफने तयार केलेल्या क्लासवर हलवत आहे, आणि सुरक्षा हेडर बनवण्याचे कामही डब्ल्यूएसएस4जेकडेच सोपवणार आहे.